तज्ज्ञ इतके कसे फसतात? युद्धकाळातल्या बनावट चित्रांवरच्या कादंबरीबद्दल

ताई, तुमच्या वाचक मंडळातल्या सभासदांची मतं तुम्ही लिहून पाठवलीत, ती सगळी वाचली. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. १९४३ सालचं ॲमस्टरडॅम, जर्मनांच्या ताब्यातलं. जुनी चित्रं दुरुस्त करणारा एक कारागीर तिथे एका ज्यू व्यापाऱ्याकडे कामाला आहे. मालक एका रात्रीत नाहीसा होतो, दुकान जर्मन अधिकाऱ्याच्या हाती जातं. त्या अधिकाऱ्याला सतराव्या शतकातलं एक डच चित्र हवंच आहे, म्हणून हा कारागीर ते अकरा दिवसांत स्वतःच रंगवतो, पावाच्या भट्टीत वाळवतो आणि ‘नुकतंच सापडलं’ म्हणून विकतो. भलेभले तज्ज्ञ त्याला खरं ठरवतात. शेवटी एक म्हातारा संग्रहालयवाला भिंगातून सही पाहतो आणि क्षणात बनाव ओळखतो. पण तोवर कारागीर देशाचा नायक झालेला असतो.

तुम्ही विचारलंत, “तुम्ही रोज हेच काम करता, तर यातलं शक्य किती आणि अशक्य किती?” मी बडोद्यात तैलचित्रांच्या संवर्धनाचं काम करते. जुन्या सरदार घराण्यांकडची, मंदिरांच्या विश्वस्तांकडची, क्वचित एखाद्या व्यापाऱ्याने आणलेली चित्रं माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांतली काही बनावट असतात. त्या अनुभवावरून सांगते. मंडळातल्या बहुतेकांनी ज्या भागाला अशक्य म्हटलं, तोच या कादंबरीतला सगळ्यात खरा भाग आहे. जे भाग कुणालाच खटकले नाहीत, ते मात्र टिकत नाहीत. आणि कादंबरीचा मोठा दोष आहे युद्धाच्या वापरात. त्याकडे फक्त एका सभासदाचं लक्ष गेलं, त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिला आक्षेप असा: “आयुष्यभर तीच चित्रं पाहिलेले तज्ज्ञ एका दुरुस्तीवाल्याकडून फसतात, हे पटत नाही.” हे खरोखर घडलेलं आहे, आणि तेही हॉलंडमध्येच. हान व्हान मेगेरेन हा डच चित्रकार १८८९ साली जन्मला. स्वतःच्या नावाने रंगवलेल्या चित्रांना समीक्षकांनी फारसं विचारलं नाही. १९३६-३७ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये राहून त्याने येशूचं एमाउस गावातलं भोजन हा बायबलमधला प्रसंग रंगवला आणि ते योहानेस फर्मीरचं चित्र म्हणून बाजारात आणलं. फर्मीर १६७५ साली वारला, आणि त्याची म्हणून आज मानली जाणारी चित्रं पस्तीसच्या आसपासच आहेत. म्हणजे एक नवं चित्र मिळणं ही केवढी मोठी गोष्ट! अब्राहाम ब्रेडियस हे त्या काळी डच चित्रकलेतलं सगळ्यात मोठं नाव, वयाची ऐंशी उलटलेले. त्यांनी १९३७ साली ते खरं असल्याचं जाहीर केलं, एवढंच नाही तर फर्मीरच्या सर्वोत्तम कामांत त्याला बसवलं. रॉटरडॅमच्या बॉयमान्स संग्रहालयाने पाच लाखांहून जास्त गिल्डर (तेव्हाचं डच चलन) मोजून ते घेतलं आणि १९३८ च्या प्रदर्शनात मांडलं. लोकांनी रांगा लावून पाहिलं.

ब्रेडियस अडाणी नव्हते, लाचखाऊही नव्हते. १९०१ साली येशू आणि मार्था-मेरी यांचं एक चित्र त्यांनीच फर्मीरचं म्हणून ओळखलं होतं, आणि ते आजही फर्मीरचंच मानलं जातं. त्यावरून अभ्यासकांत असा विचार रुजला होता की फर्मीरने तरुणपणी धार्मिक चित्रं काढली असणार, त्याच्यावर इटलीचा प्रभाव असणार, आणि त्या काळातली आणखी चित्रं कुठेतरी दडलेली असणार. व्हान मेगेरेनने ओळखलं की खिडकीशी उभी बाई, दुधाचा हंडा, मोत्याचं कर्णभूषण असलं काही रंगवलं तर दहा खऱ्या चित्रांशी तुलना होईल आणि तो उघडा पडेल. म्हणून ज्या जागी तुलनेला काहीच नाही, पण ज्याची तज्ज्ञ वाट पाहत आहेत, असं चित्र त्याने रंगवलं. ब्रेडियसना त्या चित्रात आपला चाळीस वर्षांचा अंदाज खरा ठरलेला दिसला. कुणाचाही हात न लागलेलं, मूळ कॅनव्हासवरचं चित्र समोर आलं याचा त्यांना झालेला आनंद त्यांच्या लेखात दिसतो. आमच्या धंद्यात पावणेतीनशे वर्षं जुनं चित्र कुणाचाही हात न लागलेलं म्हणून समोर आलं की आनंदाच्या आधी शंका यायला हवी. इतक्या वर्षांत कुणी ना कुणी वार्निश बदलतंच, फाटलं तर अस्तर लावतंच.

एकदा एमाउस खरं ठरलं की पुढची वाट सोपी झाली. त्यानंतर त्याने काढलेली ‘फर्मीर’ चित्रं उत्तरोत्तर बिघडत गेली: हात बेढब, चेहरे जड, पापण्या ओघळलेल्या. पण त्यांची तुलना व्हायची ती एमाउसशी, आणि एका हातची असल्यामुळे ती जुळायची. तुमच्या कादंबरीतला कारागीर पहिल्याच चित्रात यशस्वी होतो आणि लेखक तिथे थांबतो. दुसरं, तिसरं, चौथं चित्र पहिल्याच्या आधाराने कसं खपतं, हे दाखवलं असतं तर “पटत नाही” म्हणणाऱ्या तुमच्या सभासदांना नक्की पटलं असतं.

हे सगळं मी इथे बडोद्यातही पाहते, फक्त नाव फर्मीरऐवजी राजा रविवर्मांचं असतं. महाराज सयाजीरावांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करवून घेतली, हे इथल्या प्रत्येक जुन्या घराला माहीत आहे. म्हणून पणजोबा संस्थानच्या चाकरीत होते आणि भिंतीवर एखादी नऊवारीतली स्त्री तैलरंगात आहे, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या की तिसरी गोष्ट घरचे स्वतःच जुळवतात. माझ्याकडे येतात तेव्हा निर्णय झालेला असतो, मी फक्त होकार द्यायचा असतो. असंच एक चित्र टेबलावर होतं. पुढून पाहिलं तर ब्रशचे फटकारे, जाड वार्निश, पदरावर सोनेरी रंगाचे उठावदार ठिपके. दहापट भिंग लावून मी गालाची सावली पाहिली. तिथे तैलरंगात रंग एकमेकांत मिसळलेले दिसायला हवेत. दिसले ते गुलाबी, पिवळे, राखाडी असे सुटे बारीक कण. शिळाछापाच्या दगडाची ती खूण असते. म्हणजे मुळात तो ओलिओग्राफ, रविवर्मांच्या छापखान्यातून घरोघर गेलेल्या छापील चित्रांपैकी एक. पुढे कुणीतरी तो कापडावर चिकटवून कपड्यांवर, दागिन्यांवर, पार्श्वभूमीवर तैलरंगाचे हात मारले होते. चेहऱ्याला मात्र हात लावायची हिंमत केली नव्हती, आणि तिथेच छापील कण उघडे राहिले. घरच्यांना भिंगातून दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान्य केलं, आणि निघताना विचारलं, “पण रविवर्मांनी स्वतः वरून रंगवलं असेल ना?” शिकलेली, समंजस माणसं होती. ब्रेडियस कसे फसले हे कळायला मला याहून वेगळ्या पुराव्याची गरज पडत नाही.

आता दुसरा आक्षेप. “रसायनांची पानं कंटाळवाणी आहेत, गोष्ट तिथे अडते.” मी याच्या अगदी उलट म्हणेन. ती पानं अपुरी आहेत, आणि जिथे लेखकाने घाई केली तिथेच ती खोटी झाली आहेत.

तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. जवसाच्या तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग होऊन तो घट्ट होतो. वरून हाताला कोरडा लागायला काही दिवस ते काही आठवडे पुरतात, पण आतून कडक व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून जुनी, साधी चाचणी अशी की कोपऱ्यातल्या बिनमहत्त्वाच्या जागी कापसाच्या बोळ्याने अल्कोहोल लावून पाहायचं. रंग कोवळा असेल तर मऊ पडतो, बोळ्याला रंग लागतो. शंभर-दोनशे वर्षांचा रंग हलत नाही. हॉलंडमधल्या कुठल्याही खरेदीदाराने ही चाचणी केलीच असती, आणि व्हान मेगेरेनला ते ठाऊक होतं. त्याने काही वर्षं नुसत्या प्रयोगांत घालवली. शेवटी तेलाऐवजी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून होणारा राळेसारखा पदार्थ त्याने रंगात वापरला. त्याच काळात विजेची बटणं आणि रेडिओच्या पेट्या ज्याच्या बनत होत्या त्या बेकेलाइटचाच हा भाऊ. सोबत लॅव्हेंडरसारखी उडून जाणारी तेलं. असा रंग शंभर अंशांच्या थोड्या वरच्या आचेवर भाजला की काही तासांत कडक होतो आणि अल्कोहोलला दाद देत नाही.

कादंबरीत पावाची भट्टी आहे. पावाच्या भट्टीची आच दोनशे अंशांच्या वर असते. साध्या जवसाच्या तेलातला रंग तिथे ठेवला तर फोड येतील, तेल तपकिरी पडेल, पांढरा रंग पिवळा होईल. लेखकाने एका वाक्यात आच कमी केल्याचं लिहिलं असतं तरी मी गप्प बसले असते. आणि अकरा दिवस! कॅनव्हास शोधणं, त्यावरचं जुनं चित्र खरवडणं, रंगाखालचा मूळ थर जपणं, रंग घोटणं, रंगवणं, भाजणं, तडे काढणं, मळ भरणं, वार्निश देणं, हे सगळं अकरा दिवसांत होत नाही. कैदेत असताना, पहाऱ्यात, आपण हे करू शकतो हे सिद्ध करण्यासाठी व्हान मेगेरेनने १९४५ साली एक शेवटचं चित्र काढलं, मंदिरात पंडितांशी बोलणारा लहान येशू. तोवर त्याला पद्धत पाठ झाली होती, तरीही ते काम काही महिने चाललं.

तड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्यातल्या एका सभासदाने “तडे कसेही पाडता येतात” असं लिहिलं आहे. जुन्या चित्रावरचे तडे वरच्या रंगात सुरू होत नाहीत. कॅनव्हासवर रंगाआधी जो खडू-सरसाचा किंवा शिशाच्या पांढऱ्याचा थर दिलेला असतो, तो कॅनव्हासच्या आकुंचन-प्रसरणाने आधी फुटतो, आणि ती भेग वर चढते. म्हणून खरा तडा खोल असतो, त्याच्या कडा किंचित उचललेल्या असतात, आणि कॅनव्हासच्या विणीशी व चौकटीच्या ताणाशी त्याचा मेळ असतो. व्हान मेगेरेनने सतराव्या शतकातलंच जुनं, कमी किमतीचं चित्र घेतलं, त्यावरचा रंग प्यूमिस दगडाने आणि पाण्याने काढला आणि तडे गेलेला खालचा थर तसाच ठेवला. वर नवा रंग भाजून झाल्यावर कॅनव्हास नळकांड्यावर गुंडाळला की जुने तडे नव्या रंगातून वर येत. मग त्यांत शाई भरली, जुना मळ वाटावा म्हणून. इथेच सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. दोनशे वर्षांचा मळ म्हणजे धूळ, काजळी, वार्निशचे तुकडे, सगळं दाणेदार आणि करड्या रंगाचं, कुठे भरलेलं, कुठे रिकामं. शाई द्रव असते, ती तड्याच्या तळाशी एकसारखी काळी पसरते आणि कधी कडेने शेजारच्या रंगातही झिरपते. तिरप्या प्रकाशात एका तासाच्या निरीक्षणात हे दिसतं. कादंबरीतल्या म्हाताऱ्या संग्रहालयवाल्याला लेखकाने हे दृश्य द्यायला हवं होतं.

त्याऐवजी त्याने सही दिली. तो प्रसंग मंडळात सगळ्यांना आवडला आहे हे मला दिसतं, पण सही ही मी शेवटी पाहते. सही नक्कल करायला सगळ्यात सोपी. शिवाय खऱ्या चित्रावर व्यापाऱ्याने नंतर घातलेली खोटी सही असू शकते, आणि खऱ्या चित्रावर सही नसूही शकते. मी चित्र हातात आलं की आधी उलटं करते. मागची बाजू खोटं बोलायला विसरते. चौकटीचं लाकूड हाताने रंधलेलं आहे की यंत्राने कापलेलं, खिळे ठोकलेले आहेत की स्टेपलच्या पिना, कॅनव्हासच्या कडेला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत का आणि ती आत्ताच्या खिळ्यांशी जुळतात का, कापड तांबूस पडलं आहे ते आतपर्यंत की चहाच्या पाण्याने वरवर रंगवलं आहे, जुन्या चिठ्ठ्या, लिलावाचे खडूने घातलेले आकडे, लाखेचे शिक्के. मग अतिनील दिवा. अंधाऱ्या खोलीत जुनं नैसर्गिक राळेचं वार्निश हिरवट उजळतं आणि नंतर मारलेले हात त्यावर काळ्या डागांसारखे दिसतात. मग लागलं तर एक्स-रे. शिशाचा पांढरा त्यात उठून दिसतो, आणि खाली दुसरं चित्र असेल तर तेही. व्हान मेगेरेनच्या एका ‘फर्मीर’खाली शिकारीचं दृश्य निघालं.

रंगद्रव्यांचा पुरावा सगळ्यात कडक, पण तो वापरायला येत नसेल तर घातक. प्रत्येक रंगाला जन्मसाल असतं. प्रशियन निळा १८ व्या शतकाच्या सुरुवातीचा, कोबाल्ट निळा १८०२ चा, कृत्रिम लाजवर्दी १८२८ ची, आणि चित्रकारांच्या नळीत टायटॅनियम पांढरा आला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास. हिटलरचा सहकारी गोरिंग याच्याकडे गेलेल्या व्हान मेगेरेनच्या खोट्या ‘फर्मीर’मध्ये पॉल कोरमान्स या बेल्जियन रसायनतज्ज्ञाच्या समितीला कोबाल्ट निळा सापडला. फर्मीर मेल्यावर सव्वाशे वर्षांनी जन्मलेला रंग! आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे जर्मनीतला वोल्फगांग बेल्ट्राकी. काम्पेनडोंक या जर्मन चित्रकाराच्या नावाने त्याने काढलेल्या चित्रात टायटॅनियम पांढरा निघाला, आणि २०११ साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणून तुमच्यातल्या अभियंता सभासदाने लिहिलंय की यंत्र लावा, टायटॅनियम दिसलं की चित्र खोटं. इतकं सरळ नाही. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या मूळ रंगात टायटॅनियम असू शकत नाही, हे खरं. पण त्याच चित्रावर १९६० साली कुणी दुरुस्ती केली असेल तर त्या डागडुजीत टायटॅनियम असणारच. नमुना घ्यायचा तो दुरुस्तीबाहेरच्या जागेतून, आणि वरपासून खालपर्यंतचे सगळे थर दिसतील असा घ्यायचा. टाचणीच्या टोकाएवढा तुकडा पुरतो. दुरुस्तीच्या ठिपक्यावर यंत्र टेकवून खऱ्या चित्राला खोटं ठरवणं हेही तितकंच मोठं नुकसान आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. तुमच्या मंडळातल्या एका काकांनी एका ओळीत लिहिलं आहे, “युद्ध काढून टाकलं तरी गोष्ट तशीच चालेल.” मला हे सगळ्यात महत्त्वाचं मत वाटतं. कादंबरीत युद्ध म्हणजे सायरन, बूट, रेशनच्या रांगा, अंधार. प्रत्यक्षात युद्धाशिवाय ही फसवणूक इतकी मोठी झालीच नसती.

नेहमीच्या दिवसांत मोठं चित्र विकायला निघालं की चार प्रश्न विचारले जातात. आधी कुणाकडे होतं, त्या आधी कुणाकडे, कागद दाखवा, आणि शेजारी खरं चित्र ठेवून पाहू. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये हे चारही प्रश्न बंद झाले. विकणारं घराणं नाव सांगत नाही, हे समजण्यासारखं होतं. कुणी पळून जायला पैसे उभे करत होतं, कुणी करापासून संपत्ती दडवत होतं. नाव विचारणं म्हणजे त्या माणसाला धोक्यात घालणं. खरी चित्रं तर संग्रहालयांत नव्हतीच. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ मास्ट्रिख्टजवळच्या सिंट पीटर्सबेर्ख टेकडीच्या भुयारांत गुंडाळून ठेवलेलं होतं. मग तुलना कशाशी करणार? १९४३ साली डच सरकारने बारा लाखांहून जास्त गिल्डर देऊन ‘पाय धुण्याचा प्रसंग’ हे आणखी एक खोटं ‘फर्मीर’ ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या राष्ट्रीय संग्रहालयासाठी घेतलं. पाहणाऱ्यांपैकी काहींना ते चित्र आवडलेलंही नव्हतं. तरी घेतलं, कारण आपण घेतलं नाही तर ते जर्मनीला जाईल ही भीती. म्हणजे ज्या देशप्रेमाचं श्रेय कादंबरी खोटं चित्र रंगवणाऱ्याला देते, ते देशप्रेम फसणाऱ्यांच्या मनात होतं, आणि खोटं चित्र रंगवणाऱ्याने त्याचाच फायदा घेतला. एवढा जबरदस्त प्रसंग हाताशी असताना लेखक पाठलाग आणि गोळीबारात पानं घालवतो, याचं मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परकं वाटायला नको. बडोद्याच्या कमाटीबागेतल्या आपल्या चित्रदालनाची इमारत १९१४ साली पुरी झाली, पण पहिलं महायुद्ध पेटल्यामुळे युरोपातून यायची चित्रं अडकली आणि दालन उघडायला १९२१ साल उजाडलं. ती चित्रं एम. एच. स्पिलमन या इंग्रज समीक्षकाच्या सल्ल्याने निवडलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळाशीही या वास्तूचं नातं आहे. हर्मन गोएट्झ हे जर्मन कलाइतिहासकार १९३६ साली भारतात आले आणि १९४० च्या दशकात इथले संचालक होते. जर्मनी लुटीची चित्रं गोळा करत असताना एक जर्मन अभ्यासक बडोद्यात बसून संग्रहाची नीट नोंद करत होता. कुणा मराठी लेखकाला या काळावर कादंबरी लिहायची असेल तर सामान इथेच पडलेलं आहे, ॲमस्टरडॅमला जायचं कारण नाही.

देशभक्तीबद्दल तुमच्या मंडळात दोन तट आहेत. मी त्यांच्या बाजूची आहे ज्यांना नायकाचा गौरव खुपला. लोकांनी व्हान मेगेरेनलाही डोक्यावर घेतलं होतं. मे १९४५ मध्ये त्याला अटक झाली ती राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपावरून, आणि सुटायला त्याने सांगितलं की ते चित्र फर्मीरचं नाही, माझं आहे. गोरिंगला फसवणारा माणूस म्हणून लोक खूश झाले. ऑक्टोबर १९४७ मध्ये खटला चालला, नोव्हेंबरमध्ये फसवणुकीसाठी एक वर्षाची शिक्षा झाली, आणि ती भोगण्याआधीच डिसेंबरच्या ३० तारखेला तो वारला. पण गोरिंगने ते चित्र घेतलं ते रोख पैशाने नव्हे. त्या बदल्यात त्याने शंभराहून जास्त चित्रं दिली, आणि व्यवहार झाला तो आलोइस मीडल या बँकरमार्फत. हाच मीडल याक हाउडस्टिकर या ज्यू व्यापाऱ्याच्या दुकानावर आणि साठ्यावर बसला होता. मे १९४० मध्ये देश सोडताना जहाजावरच्या अपघातात हाउडस्टिकर मेला. त्याच्या खिशात आपल्या चित्रांची यादी लिहिलेली काळी वही होती. त्या वहीच्या आधारे, डच सरकारने २००६ साली त्याच्या वारसांना २०२ चित्रं परत केली. गोरिंग फसला हे खरं, पण हे सगळे व्यवहार ज्या बाजारात चालले होते तो बाजारच लुटीवर उभा होता. शिवाय व्हान मेगेरेनच्या १९४२ च्या चित्रसंग्रहाची एक प्रत हिटलरला अर्पण केलेली सापडली. सही माझी, वरचा मजकूर दुसऱ्या कुणी लिहिला, असा खुलासा त्याने केला. तुमच्या कादंबरीत नाहीशा झालेल्या मालकाचं पुढे काय झालं हे लेखक एका परिच्छेदात उरकतो. ज्या ताईंनी “मला शेवटपर्यंत त्या मालकाचीच काळजी वाटत राहिली” असं लिहिलं आहे, त्यांचं वाचन मला सगळ्यांत नेमकं वाटलं.

प्रेमकथेबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती नसती तरी चाललं असतं.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न. कादंबरी वाचून एका सभासदांना त्यांच्या घरच्या चित्राची शंका आली आहे आणि ते कोपऱ्यात स्पिरिट लावून पाहणार आहेत. त्यांना आजच फोन करून थांबवा. वर वार्निश असेल तर स्पिरिट आधी वार्निश खाईल, बोळा पिवळा होईल, आणि त्यांना वाटेल रंग सुटला. शिवाय पुन्हा जुळवता न येणारा डाग कायमचा राहील. त्यांनी एवढंच करावं: चित्र भिंतीवरून दोघांनी मिळून उतरवावं, स्वच्छ चादरीवर पालथं ठेवावं आणि मागच्या बाजूचे, चारही कोपऱ्यांचे आणि कडेच्या खिळ्यांचे फोटो काढून पाठवावेत. पुढचा एक फोटो खिडकीचा प्रकाश एका बाजूने तिरपा पडेल असा. मागे एखादी चिठ्ठी अर्धवट सुटलेली असेल तर ती ओढू नये, चिकटवूही नये, आणि मागची धूळ तर मुळीच झटकू नये. घरात त्या चित्राचा उल्लेख असलेलं जुनं पत्र, हिशेबाची वही, वाटणीपत्र किंवा मागे ते चित्र दिसतंय असा लग्नाचा फोटो असेल तर तोही काढून ठेवावा. फोटो आले की चित्र माझ्याकडे आणायचं की नाही ते मी सांगेन.